गल्लीची लय

२०२५ च्या श्रावणातील एका सोमवारी, सायंकाळी सहाच्या सुमारास, आमच्या समोर राहणाऱ्या काकू शंकराच्या देवळात निघाल्या होत्या. वय पंचाहत्तर. हातात बेलाची पाने आणि दुधाची लहानशी लोटी. गल्लीच्या वळणावर एका स्कूटरने त्यांना धडक दिली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, दीड महिना अंथरुणात गेला. आता त्या घरातल्या घरात चौकट धरून चालतात. देऊळ आमच्या दारापासून दोनशे पावलांवर आहे, पण काकू त्या दिवसापासून देवळात गेलेल्या नाहीत. घरचे म्हणतात, ‘रिक्षाने नेतो.’ त्या म्हणतात, ‘दोनशे पावलांना रिक्षा कशाला?’ आणि बसून राहतात.

स्कूटर कोणाची होती ते पुढे सांगणारच आहे.

त्या आठवड्यात सोसायटीची सभा भरली. एरवी पाण्याच्या टाकीचा विषय असला तरी पंधरा माणसे जमत नाहीत. या वेळी व्हरांडा भरून लोक पायऱ्यांवर उभे होते. सर्वांच्या मनात कारेलीबाग होती हे सांगायला नको. मार्च २०२५ मध्ये होळीच्या रात्री आपल्याच शहरात, माणसांच्या वस्तीत, एका तरुणाने भरधाव मोटार घालून दुचाकीवरच्या माणसांना चिरडले. एक स्त्री गेली, कित्येक जखमी झाले. त्याच्या आदल्या वर्षीचे पुण्याचे कल्याणीनगर प्रकरणही निघाले, कारण आपल्यापैकी निम्म्या घरांची माणसे पुण्यात आहेत. मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगण्यात आले, ही गोष्ट कोणी विसरलेले नाही. सभेत संताप होता, आणि तो योग्यच होता. परंतु त्या संतापाचे तोंड कोणत्या दिशेला होते ते पाहण्यासारखे आहे. ‘बाहेरची पोरे आपल्या गल्लीतून आडवाट काढतात.’ ‘सामान पोचवणारी ती पाठीवर पेट्यांची पोरे.’ ‘कॉलेजची टोळकी.’ दोन तास बोलणे झाले, पण वेगाने जाणारा मनुष्य आपल्यातलाही असू शकेल असे एकाच्याही तोंडून निघाले नाही. माझ्याही नाही. शेवटी ठराव झाला : गल्लीत तीन ठिकाणी बंप घालावेत आणि तोंडाशी कॅमेरा लावावा.

आता, संगीत शिकवणाऱ्या माणसाने रहदारीवर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण एवढेच, की लय हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. वडील चौदाव्या वर्षी दरबारच्या कलावंत कारखान्यात तबल्याच्या साथीला लागले. पाच वर्षांत, १९४९ मध्ये, संस्थान विलीन झाले, आणि पुढचे आयुष्य त्यांनी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर शिकवण्या करून काढले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट बोल नव्हे, लय धरणे ही होती. तीही संथ लय. जलद वाजवणे सोपे असते. दोन मात्रांमधली मोकळी जागा सांभाळणे कठीण. हात धावू लागला की ते एवढेच विचारत, ‘कोणी मागे लागले आहे का?’

तेव्हा सभेनंतर मी माझ्या परीने एक खटाटोप केला. घरासमोरच्या रस्त्यावर फीत धरून बरोबर पन्नास मीटर अंतर मोजले आणि दोन्ही टोकांस खडूने आडव्या रेघा ओढल्या. हिशेब सोपा आहे. ताशी तीस किलोमीटरने जाणारे वाहन पन्नास मीटर सहा सेकंदांत तोडते. सेकंदाला एक मात्रा धरली तर दादऱ्याचे एक आवर्तन. वाहन पहिल्या रेघेवर आले की सम धरायची. धा धी ना, धा ती ना. आणि पुढच्या समेला वाहन दुसऱ्या रेघेवर पोचले तर त्याचा वेग बरोबर तीस. त्याच्या आधी पोचले तर अधिक. चौथ्या मात्रेनंतर लगेच रेघ ओलांडली तर पंचेचाळीस, आणि तिसरी संपता संपता ओलांडली तर साठ. एका रविवारी आणि एका गुरुवारी सायंकाळी मी ओट्यावर बसून मांडीवर हाताने मात्रा मोजल्या. हे शास्त्रीय मोजमाप नव्हे आणि त्याचा आकडा मी छापणार नाही. पण गल्लीच्या मध्यावर, जेथे मुले क्रिकेट खेळतात आणि काकूंसारखी माणसे रस्ता ओलांडतात, तेथे आवर्तन पुरे होऊ देणारी वाहने मला आश्चर्य वाटावे इतकी थोडी दिसली.

याहून मोठे आश्चर्य चेहऱ्यांचे. पाठीवर पेटी असलेली पोरे होती, नाही असे नाही. पण चौथ्या मात्रेच्या आसपास जी वाहने जात होती त्यांतल्या पुष्कळांना मी हात केला, आणि त्यांनी मला हात केला. कोपऱ्यावरचे डॉक्टर. सभेत सर्वांत मोठ्याने बोललेले गृहस्थ. मुलांना शाळेतून आणणारी एक आई, पुढे एक मूल उभे, मागे एक बसलेले. आणि गुरुवारी, पावणेसहा ते सहा या पंधरा मिनिटांत, एकामागून एक माझेच विद्यार्थी.

माझ्या वर्गाची वेळ सहाची. सहाला मी दार लावून घेतो. वडिलांचा तोच नियम होता. उशिरा येणाऱ्याने पायरीवर बसून ऐकावे, आत येऊ नये. हा नियम मी वीस वर्षे अभिमानाने सांगत आलो.

काकूंना धडक देणारा मुलगा सतरा वर्षांचा. तो माझा विद्यार्थी. त्या सोमवारी दार लावल्यावर दहा मिनिटांनी बाहेर टकटक झाली. मी उघडले नाही. पुन्हा झाली नाही. सातला वर्ग सुटला तेव्हा तो पायरीवर बसला होता, कोपर सोलवटलेले, आणि रडत होता. काकूंना लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले होते. याला कोणीतरी ‘जा, घरी जा’ म्हटले, आणि घरी जायचा धीर न झाल्याने तो माझ्याकडे आला होता. मी वर्गात विलंबित एकतालाची बारा मात्रांची जागा समजावून देत होतो.

ही कबुली सभेत द्यायला हवी होती. तेव्हा दिली नाही, म्हणून येथे देत आहे. मुलाचा दोष नाही असे मी म्हणत नाही. त्याने गाडी जोरात चालवली. शिवाय ती चालवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलाला परवाना मिळतो तो पन्नास सी.सी.पर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचा. आपल्या घराघरांत असलेल्या स्कूटर शंभर सी.सी.च्या वरच्या आहेत, त्यांना अठराच लागतात. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अज्ञान मुलाने गुन्हा केल्यास पालकास व गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, अशी तरतूद झाली. हे आपल्याला माहीत नाही असे नाही. तरी दहावीचा निकाल लागला की स्कूटरची किल्ली मुलाच्या हातात पडते, कारण एका शिकवणीहून दुसऱ्या शिकवणीला त्याला नेणार कोण? त्या शिकवण्यांमध्ये माझीही एक आहे.

पण एवढे बोलून थांबलो तर सगळा विषय मुलांच्या वळणावर आणि आईबापांच्या लाडांवर येऊन आटपेल, आणि माझ्या मते तो तेवढ्याने आटपत नाही. आधी वेग म्हणजे काय ते पाहू.

ताशी तीस आणि ताशी पन्नास यांत आपल्याला फारसा फरक वाटत नाही. शरीराला तो फार मोठा आहे. समोर एकाएकी मूल आले तर ते दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तीसने चाललेली मोटार त्या सेकंदात आठ मीटर जाते आणि पुढच्या पाचेक मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण तेरा मीटर. तीच मोटार पन्नासने चालली असेल तर त्या पहिल्याच सेकंदात ती जवळजवळ चौदा मीटर जाते. म्हणजे पहिली मोटार जेथे पुरती उभी राहते, तेथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती पुऱ्या पन्नासच्या वेगाने मुलापाशी पोचते. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि सावध चालकाचा. श्रावणात रस्ता ओला असतो, आणि चालकाचे एक लक्ष हातातल्या फोनकडे असते. शिवाय धडकेतला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग शेकडा एकाने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे शेकडा चारने वाढतो. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. एकूण मृत्यूंपैकी शेकडा एकाहत्तर मृत्यूंना सरकारी अहवालाने अतिवेग हे कारण लावले आहे. काकू यांतल्या कोणत्याच आकड्यात नाहीत. त्या जिवंत आहेत, फक्त देवळात जात नाहीत. अशी माणसे मोजली तर आकडा किती होईल कोण जाणे.

आता कायदा. पुष्कळांची समजूत अशी, की गल्लीबोळांतून पन्नासने गाडी हाकणे हा सरळ गुन्हा आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वेगाच्या ज्या कमाल मर्यादा ठरवल्या त्यांत शहराच्या हद्दीतील रस्त्यांवर मोटारीला ताशी सत्तर आणि दुचाकीला साठ आहेत. रिंगरोडला आणि आमच्या गल्लीला मूळ माप एकच! याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार राज्याला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना कायद्यानेच दिला आहे. पण तो त्या त्या रस्त्यापुरता कोणीतरी वापरला पाहिजे, आणि गल्लीच्या तोंडाशी आकडा लिहिलेला फलक लागला पाहिजे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फलक आहेत चार : एक दंतवैद्याचा, दोन शिकवण्यांचे, आणि ‘फेरीवाल्यांना मज्जाव’ असा सोसायटीचा. बेदरकार वाहन चालवण्याचे कलम आहेच. परंतु ते लागते सहसा माणूस रस्त्यावर पडल्यानंतर.

आणि फलक लागला म्हणून लोक हळू जातील का? येथे मला दांडिया बाजारातला आमचा वाडा आठवतो. त्या बोळात कधी फलक नव्हता, पोलीसही नव्हता. बोळाला तीन वळणे. एका वळणावर विहिरीचा कठडा पुढे आलेला, दुसऱ्यावर मारुतीचा कोनाडा, आणि प्रत्येक दाराला पुढे आलेला ओटा. मोठी झालेली चुलतभावंडे फटफट्या घेऊन येत; बोळाच्या तोंडाशी त्यांचा हात आपोआप सैल होई. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसे, आणि कोणाची तरी आजी ओट्यावर तांदूळ निवडत पाय पसरून बसलेली असे. मांडवीच्या आसपासच्या पोळांचीही तीच तऱ्हा. त्या वस्तीची लय वस्तीच्या बांधणीतच घातलेली होती. जुन्या बांधणीचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्या बोळात रुग्णवाहिका शिरत नसे, आणि वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना खुर्चीत बसवून बाहेर आणावे लागले, हे मी विसरलेलो नाही. पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांसाठी बडोद्यावर अहवाल लिहिला. या माणसाचा हिंदुस्थानातल्या शहरांविषयी एक धरून ठेवलेला आग्रह होता, की रहदारीचे रस्ते वेगळे आणि घरांचे बोळ वेगळे. दिसला बोळ की कर रुंद, हे धोरण घरांच्या मुळावर येते.

पुढे आपण वाडे सोडून मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोड असे पांगलो. मोकळी हवा, गाडी दाराशी, हे सुख खरेच आहे. या नव्या वस्त्या टी. पी. योजनांच्या नकाशावर पट्टीने आखलेल्या. आमची गल्ली बारा मीटर रुंद, तीनशे पावले सरळ, आणि दोन्ही टोकांस मोठे रस्ते. अशा रस्त्याचे तोंड पाहिले की पायाखालचा खटका आपोआप दाबला जातो. हळू जा असे त्यावर काहीही सांगत नाही. पूर्वी मध्यावर एक कडुनिंब होता, भोवती सिमेंटचा पार. वाहनाला त्याच्या डावीकडून वळसा घ्यावा लागे, पारावर म्हातारे बसत, मुले खेळत. सात-आठ वर्षांपूर्वी डांबरीकरण झाले तेव्हा ‘पार रहदारीला अडथळा आहे’ असा अर्ज आम्ही रहिवाशांनीच महानगरपालिकेला दिला. अर्जावर सह्या चाळीस, तिसरी माझी. आता गल्लीतून अडथळ्यावाचून जाता येते.

दुसरीही एक गोष्ट लयीच्या माणसाला दिसते. मैफलीत लय चढते ती कोणा एकाच्या हट्टाने नव्हे. गवई किंचित पुढे सरतो, तबलजी त्याला गाठतो, पेटीवाला दोघांना गाठतो, आणि दहा मिनिटांत सगळे धावत असतात. प्रत्येकाला वाटते, आपण फक्त बरोबर राहिलो. रस्त्यावर हेच होते. मागचा हॉर्न वाजवतो म्हणून पुढचा वेग वाढवतो. सामान दहा मिनिटांत दारी आणतो म्हणून एका दुकानाने जाहिरात केली की दुसऱ्यालाही तसेच म्हणावे लागते. मग त्या पेटीवाल्या पोराला आमची गल्ली चौथ्या मात्रेत तोडावी लागते. ते पोर आमच्या गल्लीत हौसेने येत नाही. आम्हीच कोथिंबीर मागवलेली असते. पुढे त्याला दार उघडताना ‘उशीर झाला’ असे म्हणणाऱ्या घरातलीच माणसे सभेत त्याच्या नावाने बोटे मोडत होती. मी विद्यार्थ्यांना सहाचे दार दाखवतो, विद्यार्थ्याच्या आधीच्या शिकवणीतला मास्तर त्याला पावणेसहापर्यंत सोडत नाही, आणि दोघांच्या मध्ये पाच किलोमीटर आहेत. त्या मुलाने दोन मास्तरांची मिळून एक लय धरली होती.

आता बंपांविषयी. ठरावाप्रमाणे एका रात्रीत तीन झाले. डांबर ओतून वर लाटण फिरवले. रुंदी जेमतेम एक फूट, उंची पाच बोटे. पट्टे नाहीत, सूचना नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचे माप याहून फार निराळे आहे : गोल पाठीचा उंचवटा, उंची दहा सेंटिमीटर, पण रुंदी पावणेचार मीटरच्या जवळपास, म्हणजे मोटार संथपणे चढून संथपणे उतरावी आणि पंचविसाच्या आसपास वेग असेल तर पोटातले पाणी हलू नये. त्याआधी फलक, वर पांढरे पट्टे, रात्री दिसण्याची सोय. आमच्या बंपांवर स्कूटरवाली मुले कडेच्या फटीतून वेगाने निसटतात. मोटारी आदळून पुढे दुप्पट जोराने पळतात, जणू गेलेला वेळ भरून काढायचा आहे. आणि काकूंना दवाखान्यातून घरी आणले तेव्हा रिक्षा तिन्ही बंपांवर आदळली. पहिल्यावर त्या ओरडल्या. दुसऱ्याच्या आधी त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला. तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ज्यांच्यासाठी बंप घातले त्यांची ही वरात मी ओट्यावरून पाहिली.

तेव्हा उपाय काय? नेदरलँड्समध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेल्फ्ट गावच्या लोकांनी गल्लीतच झाडांच्या कुंड्या, बाकडी, वळणे अशी मांडामांड सुरू केली, की मोटारीने जावे पण पाहुण्यासारखे जावे. १९७६ मध्ये तेथे त्याचा कायदा झाला : अशा गल्लीत वाहनाने माणसाच्या चालीने जायचे, आणि मुलांना रस्त्यात खेळण्याची मुभा. हे वाचताना मला आमचा पार दिसत होता. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात आज निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी तीसची मर्यादा आहे, आणि २०२५ च्या जुलैला संपलेल्या वर्षात त्या सबंध शहरात रहदारीने एकही माणूस मेला नाही. कोणी म्हणेल, ते लोक वेगळे, आपले वेगळे. ते लोकही पूर्वी वेगानेच जात होते; रस्ते बदलले, मर्यादा उतरवल्या, कॅमेरे लावले, आणि याला वर्षानुवर्षे लागली. २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे तीसची मर्यादा असावी, असे जाहीरनाम्यात आले. हिंदुस्थानही त्या जगातलाच आहे. येथे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट पादपथ असणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. आमच्या गल्लीला पादपथ आहे. त्यावर मोटारी उभ्या असतात, आणि त्यांत पांढरी लहान मोटार माझी होती. ‘होती’ अशासाठी म्हणतो, की आता ती आवारात चिंचोळ्या जागेत लावतो. एक आरसा फुटला आहे.

सोसायटीत मी दुसरी सभा मागितली. या वेळी अकरा माणसे आली. मी कबुली दिली. थोडी कुजबुज झाली. त्या मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली. ते काकूंच्या शस्त्रक्रियेचा खर्च हप्त्यांनी देत आहेत, आणि स्कूटर घरातल्या कुलुपात आहे, एवढे सांगितले तर त्यांची हरकत नसावी. डॉक्टरांनी मात्र विचारले, ‘मास्तर, तुमच्या दादऱ्यात माझ्या किती मात्रा भरल्या?’ मी म्हटले, ‘चार.’ ते हसले नाहीत.

अकरा जणांनी मिळून अर्ज केला. मागण्या अशा : गल्लीचे एक टोक मोटारींसाठी बंद करावे, म्हणजे आडवाट म्हणून तिचा उपयोग उरणार नाही, पायी चालणारे, सायकल आणि गरजेला रुग्णवाहिका जाईल एवढी उघडता येणारी जागा ठेवावी. मध्यावर, कडुनिंबाच्या जागी, पुन्हा झाड लावून पार बांधावा. देवळासमोर रस्ता ओलांडण्याची जागा पादपथाच्या उंचीला आणावी. तीन बंप काढून मापाचा एकच घालावा. आणि पोलीस आयुक्तांच्या अधिसूचनेने तीसची मर्यादा लावून दोन्ही तोंडांशी फलक लावावेत. गल्ली महानगरपालिकेच्या ताब्यात असल्याने यांतले काहीही सोसायटीला स्वतःच्या अखत्यारीत करता येत नाही; बंप केले तेही वास्तविक बेकायदेशीरच. टोक बंद करण्याला गल्लीत विरोध आहे. दुकानदारांचा आहे, आणि ज्यांना ऑफिसला जाताना पाच मिनिटे वळसा पडेल त्यांचा आहे. पाच मिनिटांचे महत्त्व मला कळते. मी ती वीस वर्षे दाराच्या कडीवर मोजली आहेत.

आमच्या वर्गाचे दार आता सव्वासहाला लागते. पहिली पंधरा मिनिटे नुसता षड्ज असतो. येणाऱ्याने यावे, मागे बसावे, सुरात मिसळावे. वडिलांना हे रुचले असते असे वाटत नाही. तो मुलगा सायकलने येतो. रोज येतो, पण देवळाच्या बाजूने येत नाही, मागच्या रस्त्याने येतो. गेल्या महिन्यात त्याला घेऊन काकूंकडे गेलो होतो. काकूंनी त्याला लाडू दिला आणि कोणता राग शिकतोस म्हणून विचारले. त्याला उत्तर देता आले नाही.

अर्ज प्रभाग कचेरीत आहे. पोचपावती मिळाली आहे. तो पुढे सरकण्यासाठी गल्लीतल्या वाहनांची नीट नोंद जोडावी, असे तेथल्या एका कारकुनाने आपणहून सुचवले. माझ्या खडूच्या रेघा पावसाने केव्हाच धुऊन नेल्या. येत्या रविवारी सकाळी साडेसातला त्या रंगाने पुन्हा ओढणार आहोत, आणि सकाळ-सायंकाळ पाळीपाळीने आठवडाभर मोजणार आहोत. ओट्यावर सतरंजी घातलेली असेल, चहा आमच्याकडे. सहापर्यंत मात्रा मोजता येणाऱ्या कोणीही यावे. वाहन घेऊन येणार असाल तर कोपऱ्यावर लावून चालत या.